कुंभकोणमचा एक अर्ज

कुंभकोणमला येणारा मराठी माणूस बहुधा तंजावरच्या भोसल्यांची स्मृती मनात बाळगून येतो. मीही तसाच आलो होतो. परंतु पाय वळले ते सारंगपाणी देवळाच्या रस्त्यावरील एका बैठ्या घराकडे. गणिती श्रीनिवास रामानुजन याच घरात वाढले. घर आता स्मारक म्हणून जपले आहे. तेथील रस्त्याकडच्या खिडकीपाशी उभा असताना मला मात्र एक जुना अर्ज आठवला.

शिष्यवृत्ती देणाऱ्या एका समितीवर मी काही काळ होतो. एका विषयात गुण कमी पडले म्हणून एका मुलाचा अर्ज मी बाजूला सारला. नियम स्पष्ट होता. शेरा लिहिताना हात अडखळला नाही.

रामानुजन यांच्या बाबतीतही नियम स्पष्टच होता. १९०४ साली येथील कावेरीकाठच्या सरकारी महाविद्यालयात त्यांना शिष्यवृत्ती मिळाली. इंग्रजीत ते नापास झाले आणि ती गेली. वडील कापडाच्या दुकानात कारकून, पगार महिना सुमारे २० रुपये. आईने प्राचार्यांकडे रदबदली केली, ती व्यर्थ गेली. १९०५ साली मुलगा घर सोडून विशाखापट्टणला निघून गेला.

नियम नसावेत, असे मी म्हणणार नाही. वशिल्याच्या बाजारात गरिबाला नियमाचाच आधार असतो. पण हाच मुलगा सधन घरचा असता, तर नापास होऊनही फी भरून वर्गात बसला असता. चूक दोघांची सारखी. एकाला ती निकालपत्रावरची तांबडी रेघ, दुसऱ्याला शिक्षणाचा शेवट. गुण आणि गरज ही दोन निराळी पारडी आहेत, असे आपण समजतो. वास्तविक गरिबाचे गुण कमी पडतात, तेव्हाच त्याची गरज सर्वांत मोठी असते.

१९१० साली नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांनी रामानुजन यांची वही पाहिली आणि महिना २५ रुपये स्वतःच्या पदरचे दिले. १९१३ साली मद्रास विद्यापीठाने पदवी नसतानाही त्यांना दरमहा ७५ रुपयांची संशोधनवृत्ती दिली. नियमाला वाट काढता येते; काढणारा माणूस लागतो.

पुढे विद्यापीठाने त्यांना वर्षाला २५० पौंड देऊ केले. तेव्हा, जानेवारी १९१९ मध्ये, रामानुजन यांनी इंग्लंडहून लिहिले: आईवडिलांना ५० पौंड द्यावेत, आणि माझा खर्च भागून जे उरेल ते गरीब व अनाथ मुलांची फी कमी करण्याकडे आणि शाळांतील पुस्तकांकडे लावावे.

त्या पत्रात गुणांची अट नाही. माझ्या शेऱ्यात होती. त्या मुलाचे नावही आज मला आठवत नाही.