पावाचे ऋण

गोष्टीतली नायिका म्हटली की कशी मुलगी तुमच्या डोळ्यांपुढे उभी राहते? देखणी, गोड बोलणारी, सर्वांना हवीहवीशी वाटणारी. आज मी जिच्याविषयी सांगणार आहे ती तशी नाही. ती हसते कमी आणि रागावते लवकर. घरातल्या मांजराचेही तिच्याशी पटत नाही! तरी ती मला मनापासून आवडते.

तिचे नाव कॅटनिस एव्हरडीन. सुझन कॉलिन्स या अमेरिकन लेखिकेच्या 'द हंगर गेम्स' या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीची ती नायिका. कथा पुढे कधीतरी येणाऱ्या काळातली आहे. पॅनेम नावाच्या देशात एक श्रीमंत राजधानी आहे आणि तिच्या टाचेखाली बारा जिल्हे आहेत. जिल्ह्यांनी पूर्वी बंड केले होते. त्याची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून बारा ते अठरा वर्षांचा एक मुलगा व एक मुलगी चिठ्ठ्या काढून निवडतात. या चोवीस जणांनी एकच उरेपर्यंत एकमेकांना मारायचे, आणि साऱ्या देशाने ते टीव्हीवर पाहायचे.

सोळा वर्षांची कॅटनिस बाराव्या जिल्ह्यातल्या कोळसा खाणींच्या वस्तीत राहते. खाणीतल्या स्फोटात वडील गेले तेव्हा ती अकरा वर्षांची होती. आई दुःखाने अशी खचली की चूल पेटवण्याचेही तिला भान राहिले नाही. धाकटी बहीण प्रिम भुकेने सुकत चालली. तेव्हा कॅटनिस वडिलांचे धनुष्य घेऊन कुंपणापलीकडच्या रानात जाऊ लागली. तिथे शिकार करणे गुन्हा होता, पण घर त्याच शिकारीवर चालले. शिवाय थोडे धान्य आणि तेल हवे असेल, तर पेटीत आपल्या नावाची एक चिठ्ठी वाढवायची, असा तिथला नियम होता. पोटासाठी जीव गहाण टाकण्याचाच हा प्रकार! अशा कॅटनिसच्या नावाच्या वीस चिठ्ठ्या झाल्या. प्रिमला मात्र तिने एकही वाढवू दिली नाही. आणि पेटीतून निघाली ती प्रिमचीच एकुलती चिठ्ठी. कॅटनिस धावत पुढे गेली आणि बहिणीच्या जागी स्वतः उभी राहिली.

हा प्रसंग पुष्कळांना ठाऊक असतो. 'शूर मुलगी' एवढे म्हणून ते पुढे जातात. मला तिचा स्वभाव आणखी एका ठिकाणी दिसतो.

तुमच्या उर्दूत 'एहसान' हा शब्द आहे. मराठीत त्याला उपकार म्हणतात. उपकाराचे ओझे होते, उपकार फेडावे लागतात. कॅटनिसला हे ओझे सोसवत नाही. वडील गेल्यानंतर एकदा ती भर पावसात बेकरीमागचे कचऱ्याचे डबे धुंडाळत होती. बेकरीवाल्याच्या मुलाने, पीटाने, दोन पाव बहुधा मुद्दामच जळू दिले, त्यासाठी आईचा मार खाल्ला आणि ते पाव तिच्याकडे फेकले. ती त्याला साधे आभाराचे दोन शब्दही बोलू शकली नाही. ते तिला पाच वर्षे सलत राहिले. आणि त्या जीवघेण्या खेळासाठी तिच्याबरोबर निवडला गेला तो हाच पीटा! ज्याचे ऋण डोक्यावर, त्याच्याच जिवावर उठायचे.

असा हिशेब ठेवणे बरे की वाईट? ज्या घरात घासाघासाची मोजदाद असते, तिथे फुकट मिळालेल्या वस्तूची धास्तीच वाटते, असे मला वाटते. म्हणूनच पीटा तिच्यावर माया करतो तेव्हा ती त्यात डाव शोधते. आईला तर ती कितीतरी काळ क्षमा करत नाही. लेखिकेने हे दोष झाकले नाहीत, याचे मला बरे वाटते. अकराव्या वर्षी घर अंगावर घेणारी मुलगी थोडी चिडकी असणारच.

खेळात तिला रू भेटते. अकराव्या जिल्ह्यातली, बारा वर्षांची, प्रिमच्याच वयाची. रू पाला चावून तिच्या जखमांवर लावते आणि दोघी मैत्रिणी होतात. रू मारली जाते तेव्हा कॅटनिस तिचा देह रानफुलांनी झाकते, साऱ्या देशाला दिसेल असा. मग अकराव्या जिल्ह्यातून तिच्यासाठी एक लहानसा पाव येतो. तिथले लोक स्वतः अर्धपोटी राहणारे. पुन्हा पाव, पुन्हा ऋण!

पुढच्या पुस्तकात जिंकलेली कॅटनिस त्या जिल्ह्यात जाते. समोर रूची आईवडील आणि लहान भावंडे उभी असतात. ती रूविषयी बोलते आणि पावाबद्दल सर्वांचे आभार मानते. या वेळी शब्द तिच्या तोंडात अडकत नाहीत. गर्दीतला एक म्हातारा रूच्या गाण्याची शीळ घालतो. सारे लोक तीन बोटे ओठांना लावून तिच्याकडे उंचावतात. शिपाई त्या म्हाताऱ्याला पुढे ओढतात आणि तिच्या डोळ्यांदेखत गोळी घालतात. तिने फक्त आभार मानले होते.