इंडियाचं इन

फोनवर पत्ता सांगताना काका त्याच्यापाशी आले की थांबतात. "डॉट कॉम नाही हो, डॉट इन. इंडियाचं इन." एक टिंब आणि दोन रोमन अक्षरं, एवढाच त्याचा देह. पण सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचं दुकान कुठल्या देशात आहे, हे गिऱ्हाइकाला तो आधी सांगतो.

त्याचा जन्म ८ मे १९८९चा. आपल्याकडे सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ला. म्हणजे घर उभं राहायच्या सहा वर्षं आधीच दारावरची पाटी तयार होती. बालपण मुंबईत, जुहूच्या एनसीएसटी या सरकारी सॉफ्टवेअर संस्थेत गेलं. तेव्हा तो फार कडक, सहसा कुणाला जवळ करायचा नाही. २००४ सरेपर्यंत त्याच्याकडे जेमतेम सात हजार नावं होती. जानेवारी २००५मध्ये कारभार निक्सी या संस्थेकडे आला, नियम सैल झाले आणि त्याने दार सताड उघडलं. आता नाव मोकळं असेल तर ते दहा मिनिटांत आपलं होतं.

आपलं म्हणजे मुदतीपुरतं. एक ते दहा वर्षांचा करार, आणि करार ज्याच्या खात्यावर, त्याचं नाव. हे आम्हाला उशिरा कळलं. वेबसाइट करून देणाऱ्या पोराने नाव स्वतःच्याच ईमेलवर घेतलं होतं. मुदत संपत आल्याच्या सूचना त्यालाच जात राहिल्या. ऐन चतुर्थीच्या तोंडावर एका सकाळी दुकानाचं पान उघडेना. काका दिवसभर गल्ल्यावर गप्प बसून होते. माझ्या मते यात डॉट इनचा काही दोष नाही; तो कागदावरचा मालक ओळखतो, गल्ल्यावरचा नाही. नशीब, मुदत उलटल्यावरही सोडवून घ्यायला थोडे दिवस मिळतात. आता खातं काकांच्या ईमेलवर आहे, ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर येतो, आणि पैसे दहा वर्षांचे एकदम भरले आहेत.

एक गोष्ट मात्र त्याला जमत नाही. 'खेळणी'तला ळ. रोमन लिपीत त्याला घरच नाही, म्हणून एल लिहायचा. शेवटी एक ई, दोन ई की आय, यावर आमच्या घरात अख्खी संध्याकाळ गेली होती.

त्याचा धाकटा भाऊ २०१४च्या ऑगस्टमध्ये आला, डॉट भारत. तो देवनागरीत बोलतो. परवा काकांनी नोंदणीच्या रकान्यात एका बोटाने 'खेळणी' टाइप केलं. ळ जसाच्या तसा उमटला. चष्मा कपाळावर सारून त्यांनी स्क्रीन डोळ्यांजवळ नेला, आणि म्हणाले, "अरे, हे पण घेऊन टाक."