चाकांवरचं घर, उत्तनचा डोंगर

शुक्रवारची संध्याकाळ. डेडलाइन एकदाची संपलेली, मोबाइल (चुकून!) स्विच ऑफ. अशा वेळी लोणावळ्याला जायचं आणि एक्स्प्रेस-वेवर अख्ख्या मुंबईला भेटायचं, हा प्लॅन आता बोअर झालाय ना? आम्ही तिघांनी भाड्याने कॅम्परव्हॅन घेतली आणि थेट उत्तन गाठलं. भाईंदर स्टेशनपासून जेमतेम आठ-नऊ किलोमीटर!

परदेशात अशा गाड्यांसाठी जंगलाच्या कडेला खास कॅम्पग्राऊंड असतात. गाडी लावायला जागा, पाणी, वीज आणि टॉयलेटची टाकी रिकामी करायची सोय. आपल्या राज्यानेही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात कॅरॅव्हॅन पार्कचीही कल्पना आहे. आमचं पार्क म्हणजे डोंगरीजवळची, ओळखीतून मिळालेली एक वाडी. आंब्याखाली गाडी, घरातून ओढलेली वायर, विहिरीचं पाणी. झालं कॅम्पग्राऊंड तयार!

तिथे पोचेपर्यंत मात्र घाम फुटला. कोळीवाड्याच्या गल्लीत समोरून मासळीचा टेम्पो आला आणि आमचं चाकांवरचं घर जाम अडकलं. रिव्हर्स घेताना दोन्ही बाजूंनी सूचनांचा पाऊस. एका आजोबांनी शेवटी ड्रायव्हिंगला बसलेल्या मित्राला विचारलं, "घर हाय तर फिरवता कशाला?"

संध्याकाळी चौकच्या धारावी किल्ल्यावर गेलो. खाली खाडीचं मुख, पलीकडे वसई. वसईच्या मोहिमेत हा किल्ला मोक्याचा होता. तो मराठ्यांनी घेतला आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई जिंकली. परतताना किनाऱ्यावर वलांड्या दिसल्या. बांबूंच्या त्या मांडवांवर हजारो बोंबील वाळत होते. वास? पहिली पाच मिनिटं नाक मुठीत, मग सवय होते. रात्री तेच बोंबील ताटात आले आणि आमची बोलतीच बंद!

जेवणानंतर वाडीच्या मावशींनी शांतपणे विचारलं, "त्या गाडीतला संडास कुठं रिकामा करणार?"

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. टाकी भरते, हे माहीत होतं. ती कुठेतरी ओतावी लागते, हा विचारच केला नव्हता. एकजण हळूच म्हणाला, "मागे झाडीत...?"

"तिकडं आमची विहीर हाय," मावशी म्हणाल्या. "आणि शहराचा कचरा आधीच डोंगरावर हाय. तुमचा तेवढा परत न्या."

मीरा-भाईंदरचा कचरा वर्षानुवर्षं इथल्या धावगी डोंगरावर येतोय. गावकऱ्यांचा त्याला विरोध आहे, तिथे आगीही लागल्यात. २०२५ मध्ये मेट्रो-९ च्या कारशेडसाठी डोंगरीची ११ हजारांहून जास्त झाडं तोडायचा प्रस्ताव आला, तेव्हाही गावकरी रस्त्यावर उतरले. म्हणजे शहराला नको असलेलं इथे आणायचं आणि हवं असलेलं इथून न्यायचं. आणि आम्ही वीकेंडला 'निसर्ग' शोधत आलेलो!

सकाळी उठलो तर व्हॅनच्या छतावर सुकी पानं, वर पोपटांचा कल्ला. त्याच झाडीतून टेकडीवर चढलो. बिबट्या-बिबट्या करणारं घनदाट जंगल नाही हे. पण दहिसर टोलनाक्याच्या हॉर्ननंतर तासाभरात एवढी सावली मिळते, हे काय कमी आहे? ती पुढच्या वेळीही असावी, एवढंच वाटलं.

टाकी भरलेलीच परत नेली. गाडी परत करताना ती रिकामी करायचे जादा पैसे पडले. पिझ्झाच्या बिलापेक्षा कमी!

जाणार असाल तर : ऑक्टोबर ते फेब्रुवारी बेस्ट. मोठी गाडी गल्लीत घालू नका. जागेच्या मालकाची परवानगी आधी घ्या, आणि व्हॅन बुक करताना पहिला प्रश्न एसीचा नको, टाकीचा विचारा. व्हॅन नसेल तर भाईंदर पश्चिमेहून बस आहेच. सुके बोंबील मात्र नक्की आणा. आणि हो, डबा घट्ट बंद करून, नाहीतर सोमवारी ऑफिसला कळेलच!