बाप्पा, बॉस आणि बटरस्कॉच केक

बटरस्कॉच केकचा दुसरा घास गिळला आणि आठवलं, अरे देवा, आज संकष्टी!

टीममधल्या एकाचा बर्थडे होता. सकाळपासून नुसत्या कॉफीवर होते, त्यात डेडलाइन. कुणीतरी भरवलं, मी खाल्लं. घरी येऊन आईला काही बोलले नाही. चंद्रोदयाला शहाण्यासारखी मोदक खायला बसले. त्याच रात्री दोन वाजता पप्पांच्या छातीत दुखायला लागलं.

तीन ब्लॉकेजेस. बायपास. डॉक्टरांनी अँजिओग्राफी दाखवत समजावलं, की हे एका रात्रीत होत नाही, वर्षानुवर्षं आत साचत जातं. म्हणजे मी दप्तर घेऊन शाळेत जात होते, तेव्हापासून. डोक्याला पटलं हो! पण पोटात मात्र तो केकच बसला होता.

पप्पा बरे होऊन घरी आले आणि माझी धावपळ सुरू झाली. दर मंगळवारी दादरला उतरून सिद्धिविनायकापर्यंत चालत. संकष्टीला पाणीसुद्धा नाही. कालनिर्णयमध्ये चंद्रोदय ९.२० असेल तर ९.१९ला ताटाकडे बघायचंसुद्धा नाही. मैत्रिणींना वाटायचं, किती श्रद्धाळू आहे ही. कसली श्रद्धा? रांगेत उभी राहून मी फक्त हिशेब करायचे, की मागच्या वेळी काही राहिलं तर नाही ना. समोर बाप्पा नसायचाच. चष्म्यावरून बघणारा, चुकांची फाइल उघडून बसलेला बॉस असायचा.

आणि बॉस म्हटला, की कुरकुर आलीच. एप्रिलमध्ये अप्रेझल झालं. वर्षभराच्या उपासांनंतर रेटिंग काय, तर 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स'! त्या मंगळवारी मी गाभाऱ्यासमोर कस्टमर केअरला फोन लावल्यासारखी तक्रार नोंदवली. मी इतकं केलं, तुम्ही काय केलंत? घरी येताना लक्षात आलं, मी बाप्पाला 'तुम्ही' म्हणाले होते. पप्पांना 'तुम्ही' म्हणते, बॉसला म्हणते. बाप्पाला लहानपणापासून 'तू'च. कधी बदललं हे?

तसं बघितलं तर देवाशी भांडणं ही आपल्याकडची जुनीच पद्धत. नामदेवांच्या घरी राबणारी जनाबाई विठोबाला खुशाल तोंडावर बोल लावायची. तुकारामांनी तर १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात पहिली बायको आणि मुलगा गमावला, आणि पुढे अभंगांमधून विठ्ठलाला कडक जाब विचारले. पण ते जवळच्या माणसाशी भांडावं तसं भांडले. मी तक्रार करत होते ती भाव वाढवून घेण्यासाठी. शिवाय भीती इतकी, की खरं बोलायची हिंमतच नव्हती. केकबद्दल मी बाप्पाला कधी सॉरीसुद्धा म्हटलं नव्हतं.

शेवटी पप्पांनाच सांगितलं. ते बाल्कनीत साखर नसलेला चहा पीत, तोंड वाकडं करून बसले होते. ऐकून आधी हसले. मग माझा चेहरा बघून गप्प झाले.

"अगं, वीस वर्षं रोज पाकीटभर सिगरेटी मी ओढल्या," ते म्हणाले. "त्या तुझ्या केकच्या नावावर कशाला टाकतेस? आणि केकच्या दोन घासांसाठी तुझ्या बापाचा जीव घेईल, असा वाटतो तुला तो?"

मला उत्तर देता आलं नाही. कारण वाटत होता. दीड वर्ष मी रोज त्याच देवाला नमस्कार करत होते.

तुम्हाला वाटेल, आता भीती गेली असेल. छे! परवा संकष्टीला ऑफिसमध्ये सामोसे आले आणि हात आपोआप मागे गेला. उपास मी अजून करते, आवडतो म्हणून की घाबरून, ते दर वेळी नक्की सांगता येत नाही. पण पाणी पिते.

रात्री उशिरा कॅबनं प्रभादेवीवरून निघाले. कळस दिसला तसा हात छातीकडे गेला. नेहमीची यादी सुरू करणार होते. त्याऐवजी तोंडातून निघालं, "दमले रे आज."

ड्रायव्हरनं आरशातून बघितलं. त्याला वाटलं, मी फोनवर आहे.