भाकड

'भाकड' हा शब्द गोठ्यातून उठून थेट साहित्यात येऊन बसला आहे. आटलेली म्हैस भाकड, आणि निरर्थक कथा ती भाकडकथा. (समीक्षेला इतके नेमके विशेषण क्वचितच सापडते.) जनावर ठेवावे की काढावे हे सांगणारी एक संगणकप्रणाली डहाणूच्या एका पशुवैद्य स्नेह्याने दाखवली, तेव्हा माझे कुतूहल प्रथम भाषिकच होते.

प्रणालीचा तर्क स्वच्छ आहे. वय, वेत, दूध, गाभण राहण्याची शक्यता, चाऱ्याचा खर्च, विक्रीची किंमत भरावी. म्हैस आणखी एक वेत ठेवली तर काय मिळेल आणि आजच बदलली तर काय, यांतील फरक ती काढून देते. शेवटाकडून मागे येत निर्णय घेण्याचे, रिचर्ड बेलमन यांनी १९५७ च्या ग्रंथात मांडलेले गणित तिच्या मुळाशी आहे. मुंबईचे तबेलेवाले हेच गणित तोंडी करीत आले: ताजी व्यालेली म्हैस आणायची, आटली की काढायची, शहरातल्या महाग चाऱ्यावर भाकड जनावर परवडत नाही.

त्या तबेल्यांशी डहाणू-तलासरीचे नाते जुने. ते शहराबाहेर हलवण्यासाठी शासनाने दापचरीला दुग्धप्रकल्प उभारला. तो पुढे बंद पडला. त्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या डोंगरांचे गवत मुंबईच्या म्हशींसाठी जात होते. १९४५ च्या पावसाळ्यानंतर वारल्यांनी केलेल्या संपाची मागणी गवतकापणीच्या मजुरीचीच होती. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' आपण वर्गात शिकवतो, पण ते एखाद्या खर्चाच्या रकान्याशेजारी ठेवून कधी वाचत नाही. चारा स्वस्त होता, तो कोणाच्या विळ्यामुळे?

'विक्रीची किंमत' हा रकाना त्याहून अवघड. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गोहत्येवर बंदी होतीच. मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही तिच्या कक्षेत आले. म्हाताऱ्या बैलापुढे आता शून्य लिहायचे, की मरेपर्यंतच्या चाऱ्याचा उणे आकडा? प्रणालीचा सारा डोलारा 'काढलेले जनावर कुठेतरी जाते' या गृहीतकावर उभा आहे.

आणि पाड्यावरचा थकलेला बैल भाकड तरी कुठे असतो? त्याच्या शेणाशिवाय भाताच्या रोपांसाठी राब भाजता येत नाही. मी हे म्हटल्यावर स्नेह्याने तत्परतेने 'शेण' असा नवा रकाना जोडला. पाटीचा भाव विचारायला आम्ही तलासरीजवळच्या एका पाड्यावर गेलो. घरधन्याने शेण कधी विकलेच नव्हते.