अकरा गड्यांचा मुलूख

फेरो बेटे नकाशावर शोधायची म्हणजे चष्मा पुसून बसावे लागते. स्कॉटलंडच्या वर, आइसलंडच्या अलीकडे, उत्तर अटलांटिक समुद्रात अठरा ठिपके सांडलेले दिसतात. तोच हा मुलूख. क्षेत्रफळ सुमारे चौदाशे चौरस किलोमीटर, वस्ती साधारण पंचावन्न हजार. म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. धाकटा भाऊ नोकरीनिमित्त कोपनहेगनला असतो. गेल्या उन्हाळ्यात त्याच्याकडे गेलो, तेव्हा विमानाने दोन तासांवर असलेली ही बेटे पाहून यावीत असे मनाने घेतले. खरे सांगायचे तर ओढ होती ती तेथल्या भाषेची. इतक्या थोड्या तोंडांत एक भाषा जिवंत कशी राहिली, हे मराठीच्या मास्तराला पाहावेसे वाटणारच! फुटबॉल माझ्या गावीही नव्हता.

उन्हाळा म्हणायचा तो केवळ पंचांगापुरता. या बेटांवर वर्षातले दोनशेहून अधिक दिवस पाऊस असतो. सगळीकडे हिरवेगार डोंगर, झाड मात्र औषधालाही नाही. छपरांवर गवत, उतारांवर मेंढ्या आणि कुठेही उभे राहा, समुद्र पाच किलोमीटरांच्या आतच. सपाट जागा म्हणून दिसली की ती फुटबॉलच्या मैदानाची. एइदी नावाच्या गावी जुने मैदान अगदी समुद्राला खेटून आहे. आता तेथे प्रवाशांचे तंबू पडतात. या गावाचे नाव लिहिताना त्यात ‘द’सारखे एक अक्षर येते, पण बोलताना लोक ‘आय्यी’ म्हणतात. १८४६ मध्ये हामर्सहाइम्ब नावाच्या विद्वानाने या भाषेची लेखनपद्धती बसवली, ती शब्दांच्या व्युत्पत्तीला धरून. त्यामुळे न उच्चारलेली अक्षरे कागदावर राहिली. १९६२ पर्यंत आपणही न उच्चारलेले अनुस्वार निष्ठेने देतच होतो की!

राजधानी तोर्सहाउन येथे ज्यांच्या घरी उतरलो, ते गृहस्थ उभा जन्म मासेमारीच्या जहाजांवर काढून निवृत्त झालेले. संध्याकाळी चहा झाला, की ते मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलू लागत. मी भाषेचा विषय काढावा आणि त्यांनी फुटबॉलवर यावे, असे दोन दिवस चालले. तिसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आले, की आम्ही दोघे एकाच गोष्टीविषयी बोलत होतो.

या बेटांची कथा अशी. शतकानुशतके येथे डेन्मार्कचे राज्य. देवळात, शाळेत, कचेरीत भाषा डॅनिश. फेरोची भाषा घरात आणि नाचात. हा नाच म्हणजे हातात हात गुंफून धरलेले मोठे कडे. वाद्य एकही नाही. जुने लांबलचक पोवाडे मुखोद्गत म्हणत पावले टाकायची. या पोवाड्यांनीच भाषा तगवली. १९४६ मध्ये लोकांचे मत घेतले गेले, तेव्हा अगदी थोड्या मताधिक्याने कौल पडला तो डेन्मार्कपासून वेगळे होण्याचा. पण राजाने येथली लोकसभा बरखास्त केली, पुन्हा निवडणुका झाल्या आणि १९४८ मध्ये स्वातंत्र्याऐवजी स्वायत्तता हाती आली. भाषेला मान मिळाला, निशाणाला मिळाला. संयुक्त राष्ट्रसंघात मात्र खुर्ची नाही.

ऑलिंपिकमध्येही तेच. पॉल योएन्सन या जलतरणपटूने २०१० मध्ये बुडापेस्टच्या युरोपीय स्पर्धेत फेरोच्या नावाने रौप्यपदक मिळवले. तोच मुलगा २०१२ मध्ये लंडनच्या ऑलिंपिकमध्ये पोहला तो डेन्मार्कचा म्हणून. हे सांगताना आमच्या यजमानांनी कप जरा जोरानेच बशीत ठेवला.

फुटबॉलची गोष्ट मात्र निराळी. १९८८ मध्ये जागतिक फुटबॉल संघटनेने फेरोला सभासद करून घेतले. पहिला स्पर्धेतला सामना आला १२ सप्टेंबर १९९० रोजी, ऑस्ट्रियाशी. आणि ऑस्ट्रिया त्याच उन्हाळ्यात इटलीत विश्वचषक खेळून आलेला. घरी नैसर्गिक हिरवळीचे मैदान नव्हते, म्हणून ‘घरचा’ सामना स्वीडनमधील लांदस्क्रोना येथे! फेरोच्या संघात पगारी खेळाडू नव्हतेच. गोलरक्षक येन्स मार्टिन क्नुडसन माशांच्या कारखान्यात माल उचलण्याचे यंत्र चालवी. लहानपणी डोक्याला मार बसलेला, म्हणून तो गोंडा लावलेली पांढरी लोकरी टोपी घालून गोलात उभा राही. लाकडाच्या व्यापारात असलेल्या टोर्किल नील्सनने उत्तरार्धात गोल केला आणि टोपीवाल्याने तो शेवटपर्यंत राखला. एक विरुद्ध शून्य! ऑस्ट्रियाच्या प्रशिक्षकाने राजीनामा दिला.

“मी त्या दिवशी ग्रीनलंडजवळ जहाजावर होतो,” यजमान म्हणाले. “बिनतारी यंत्रावर आकडा आला. कप्तान म्हणाला, उलटा ऐकला असेल, पुन्हा विचार. तीनदा विचारला.”

“आणि मग?”

“मग जाळी तशीच राहिली आणि आम्ही डेकवर कडे धरून नाचलो.”

पुढच्याच महिन्यात हा संघ कोपनहेगनला गेला आणि डेन्मार्ककडून चार विरुद्ध एक असा हरला. युगोस्लाव्हियाने तर बेलग्रेडमध्ये सात गोल चढवले. मी जरा खोडसाळपणे म्हटले, “म्हणजे एक विजय आणि पाठोपाठ पराभवच की.” म्हातारा चिडला नाही. म्हणाला, “गुरुजी, कोपनहेगनला आम्ही पाहुणा संघ म्हणून हरलो. आमचे निशाण लागले होते. तुमच्या देशाला याचे काही वाटणार नाही. ज्यांच्याकडे सगळे आहे, त्यांना नाव असते हे आठवतही नाही.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मोटारीतून तोफ्तिरला नेले. वाट २०२० मध्ये सुरू झालेल्या समुद्राखालच्या बोगद्यातून. अकरा किलोमीटरांच्या या बोगद्यात मध्येच एक चौक आहे आणि त्याच्या मधल्या खडकाभोवती पोलादाच्या माणसांचे कडे, हातात हात धरून उभे. वर अथांग समुद्र, खाली तोच नाच! तोफ्तिरचे मैदान डोंगर फोडून केलेले. लांदस्क्रोनाच्या विजयानंतर आपल्याच भूमीवर सामने व्हावेत म्हणून येथे खरी हिरवळ लावली. पुढे सामने तोर्सहाउनला गेले.

आज गावोगावी कृत्रिम हिरवळ आहे. पाऊस कोसळत असतानाही चिमुरडी पोरे आणि पोरी त्यावर चेंडूमागे धावताना मी पाहिली. त्याचे फळ हळूहळू दिसू लागले आहे. २०१४ आणि २०१५ मध्ये ग्रीसला दोन्ही सामन्यांत हरवले, २०२२ मध्ये तुर्कस्तानला. ऑक्टोबर २०२५ मध्ये तोर्सहाउनला आधी माँटेनेग्रोवर चार गोल चढवले आणि तीनच दिवसांनी झेक प्रजासत्ताकाला दोन विरुद्ध एक असे नमवले. नोव्हेंबरात क्रोएशियाने हरवले आणि विश्वचषकाची आशा मावळली. तरी आठ सामन्यांत चार विजय, बारा गुण!

फुटबॉलच्या नियमांत लोकसंख्या विचारत नाहीत. दहा कोटींच्या देशालाही अकराच गडी उतरवता येतात आणि पंचावन्न हजारांच्या मुलखालाही अकराच. खुर्च्यांच्या सभेत ज्यांना जागा मिळाली नाही, त्यांना हा एवढा एक नियम पुरला आहे. मी भाषा पाहायला गेलो होतो. ती मला पुस्तकांत भेटली, पोवाड्यांत भेटली आणि सर्वांत स्पष्ट ऐकू आली ती पावसात भिजलेल्या त्या मैदानावर, चेंडू मागणाऱ्या पोरांच्या ओरडण्यात.