औषधांची वही

दापोली तालुका,
२७ जून २०२१

प्रिय,

मागच्या फोनवर तू प्रश्नांची सरबत्तीच लावलीस. लस घेतलीस का, घरावरचे पत्रे बसले का, काकूंचे गुडघे कसे आहेत, आणि फोन ठेवता ठेवता, अगदी सहज आठवल्यासारखं, "यंदा बरका फणस किती धरला गं?" बाई गं, इतकी वर्षं ओळखते मी तुला. फोन फणसासाठीच होता. भरपूर धरलाय, आणि तुझ्या वाटणीचे गरे मी तुझं नाव घेऊन खाल्लेत. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं द्यायला सड्यावर जावं लागतं, रेंज तिथेच, आणि आर्द्राच्या या पावसात तिथे छत्री उलटी होते. म्हणून कागद घेतला. भाचा फोटो काढून पाठवील. अक्षराला नावं ठेवायची नाहीत, मी निवृत्त झाले तरी मास्तरीणच आहे.

आधी ताजी बातमी. आपलं गाव स्पर्धेत उतरतंय! हसू नकोस. सरकारने या महिन्याच्या सुरुवातीला 'कोरोनामुक्त गाव' स्पर्धा जाहीर केली. प्रत्येक महसूल विभागात पहिलं बक्षीस ५० लाख, दुसरं २५, तिसरं १५. त्याआधी मुख्यमंत्र्यांनी भाषणात हिवरे बाजारच्या पोपटराव पवारांचं कौतुक केलं, शिवाय सोलापूरकडच्या घाटण्याचे ऋतुराज देशमुख आणि अंत्रोळीच्या कोमल करपे यांचंही. तेव्हापासून आपल्या सरपंचवहिनींना झोप नाही. घाटण्याचे सरपंच २१ वर्षांचे आहेत म्हणे. आपल्याकडचा मुलगा २१ व्या वर्षी मुंबईत रात्रीची पथारी कुठे टाकायची ते शोधत असतो.

स्पर्धेसाठी पथकं नेमायची आहेत. घरोघर पाहणी करणारं एक, विलगीकरण केंद्राचं एक, पेशंटला गाडीतून नेणाऱ्यांचं, हेल्पलाइनचं, लसीकरणाचं. ग्रामसेवकांनी परिपत्रक मोठ्याने वाचून दाखवलं, तर मागून वरच्या वाडीचे अण्णा म्हणाले, "ह्ये तं आमी गेल्या सालीच केलाव. तवा कोन बक्षीस घेऊन आला नाय." सगळी सभा हसली. मला मात्र वाटलं, एवढं नेमकं वाक्य त्या परिपत्रकात कुठेच नव्हतं.

गेल्या सालचं तुला तुकड्यातुकड्यांत कळलंय, एकदा सलग सांगते. मे महिन्यात मुंबईकर यायला लागले. कशेडी घाटात तपासणी नाका, तिथे गाड्यांची रांग. काहीजण तर रेल्वेच्या रुळांवरून चालत निघाले होते. आणि आपलं गाव, जे एरवी मुंबईकरांच्या वाटेकडे डोळे लावून बसतं, त्याने पिंपळाजवळ रस्त्यावर आडवा बांबू टाकला. तुझा धाकटा चुलतभाऊ, तोच, लंगडीत नेहमी रडीचा डाव खेळणारा, वसईहून बायकोमुलांना घेऊन आला आणि त्या बांबूपलीकडे बसून राहिला. अलीकडे तुझी काकू, हातात पेजेचा डबा. आई-मुलाची अशी भेट मी कधी पाहिली नव्हती. काकूंनी तब्येत विचारली नाही, प्रवास विचारला नाही. लांबूनच ओरडल्या, "दाढी का वाढवलीस मेल्या?" आणि मग पदर डोळ्यांना.

त्या बांबूची मला अजून लाज वाटते. पण भीतीही खरी होती. घराघरांत म्हातारीकोतारी, दवाखाना लांब, एसटी बंद. ग्राम कृती दल म्हणून जे झालं, सरपंच, तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील, आशाताई, अंगणवाडीताई, ते कागदावर छान दिसायचं. खरा प्रश्न निघाला तो वेगळाच: शाळेत १४ दिवस ठेवलेल्यांना जेवण कोण देणार? ज्यांचं घर आहे त्यांचा डबा घरून. पण ज्यांच्या घराला दहा वर्षं कुलूप, मागे कुणी उरलं नाही, त्यांचं काय? वाड्यांनी दिवस वाटून घेतले. कुळथाची पिठी आणि भात खाऊन कंटाळलेली पोरं ईदच्या दिवशी मोहल्ल्यातून शीरखुर्म्याचं पातेलं आलं तेव्हा अशी तुटून पडली की अंतर राखा म्हणून ओरडणारे पोलीस पाटीलच वाटी घेऊन रांगेत.

पैशाचं सांगते, त्यात तुला मजा येईल. गाव मंडळ आणि मुंबई मंडळ यांचं देवळाच्या जीर्णोद्धारावरून किती वर्षांचं वाकडं आहे हे तुला मी काय सांगू! तुझे बाबा त्या सभेतून छत्री विसरून निघून आले होते तेव्हापासूनचं. तर मुंबई मंडळाने लालबागच्या खोलीतून निरोप धाडला की जीर्णोद्धाराचे पैसे बँकेत पडलेत, त्यातून ऑक्सिमीटर, थर्मामीटर आणि धान्य घ्या. इकडची म्हातारी मंडळी बिथरली. देवाचा पैसा! शेवटी ठरलं, देवालाच विचारू. गुरवाने कौल लावला. सगळे श्वास रोखून उभे. कळा उजवीकडून पडला, देवाने परवानगी दिली, आणि कुणाची टाप होती आता बोलायची? देवळाबाहेर आल्यावर सरपंचवहिनी माझ्या कानाशी लागल्या, "गुरवाने पाणी जरा कमीच लावलं होतं हो त्या बाजूला." खरं-खोटं देव जाणे.

आणि मग ३ जून. निसर्ग वादळाचं तुला फोनवर सांगताच आलं नव्हतं, कारण फोनच नव्हते. दुपारी सुपाऱ्या वेताच्या छड्यांगत वाकल्या आणि मोडल्या, नारळ मुळासकट आले, आणि शाळेची कौलं उडायला लागली. शाळेत क्वारंटाइनमधली माणसं! बांबू टाकणारं हेच गाव त्यांना भर पावसात देवळाच्या सभामंडपात घेऊन आलं. कसलं अंतर आणि कसले १४ दिवस, सगळे एका छपराखाली, कुणाची बॅग कुणाच्या मांडीवर. दुसऱ्या दिवशी रस्ता झाडांनी बंद. कोयते घेऊन सर्वांत आधी कोण उतरलं असेल? तुझा रडीचा डाव खेळणारा भाऊ आणि त्याच्याबरोबरचे ते मुंबईकर. हाताला फोड आले त्याच्या, पण पिंपळापासून मोहल्ल्यापर्यंतचा रस्ता मोकळा केला. बांबू वादळात कुठे उडाला कुणाला माहीत. कुणी शोधलाही नाही.

वीज यायला कितीतरी आठवडे लागले. मेणबत्त्या, ताडपत्र्या मुंबई मंडळाने पाठवल्या. त्याआधी मे महिन्यात एसटी रत्नागिरीहून आंब्याच्या पेट्या घेऊन बोरिवलीला गेली होती, माणसांऐवजी आंबे! आपल्या बागवाल्यांनी मंडळातल्या लोकांकडून ठाण्या-बोरिवलीतल्या सोसायट्यांचे नंबर मिळवले आणि थेट पेट्या विकल्या. तेव्हाच्या ओळखी वादळात कामी आल्या. आंबा खाल्लेल्या बाईने आपणहून विचारलं होतं, तुमचं छप्पर कसं आहे म्हणून.

आता माझं काम. हसशील तू, पण गावाची औषधांची वही माझ्याकडे आली. कुणाच्या बीपीच्या गोळ्या, कुणाची साखरेची, कुणाची थायरॉइडची, आठवड्याला यादी करायची आणि पास असलेला एक मुलगा मोटारसायकलवरून दापोलीला जाऊन घेऊन यायचा. त्या वहीमुळे मला जे कळलंय ना, ते मी मरेपर्यंत कुणाला सांगणार नाही, तुलासुद्धा नाही, कितीही लाडीगोडी लाव. तुला सांगते, आपण लहानपणी या गावाच्या चौकसपणाला किती कंटाळलो होतो! कुठे चाललीस, कोण आलं होतं, आज उशीर का? तू तर त्याच्यापासून पळून थेट कॅनडा गाठलंस. पण या दीड वर्षात तोच चौकसपणा कामी आला. शेजारणीच्या चुलीचा धूर सकाळी दिसला नाही म्हणून कुणीतरी डोकावलं, आणि ताप वेळेत सापडला. याला लोकसहभाग वगैरे म्हणतात ते ग्रामसेवक. मला तर ते आपलं जुनंच नाक खुपसणं वाटतं, फक्त यावेळी चांगल्या जागी खुपसलेलं.

सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' सुरू झालं. एका आरोग्य कर्मचाऱ्याबरोबर दोन स्वयंसेवक, दिवसाला ५० घरं. मीही गेले. आशाताई प्रत्येक दारात विचारायची, "घरात कुणाला साखर आहे का?" खालच्या वाडीतली आजी उठलीच, "हाय की डब्यात. च्या टाकू?" पुढच्या घरी ऑक्सिमीटर लागेचना. बोटांना नाचणी मळल्याचे थर. हात धुऊन या म्हटलं तर बाई म्हणाली, "आदी भाकरी होऊ दे." मग आम्ही भाकरी होईपर्यंत बसलो, एकेक खाल्लीही.

पण सगळंच गोड नव्हतं, तुझ्याशी खोटं बोलणार नाही. पहिला पॉझिटिव्ह निघाला त्या घरावर गावाने जवळजवळ बहिष्कार घातला. विहिरीवर त्यांच्या घरातल्यांना कुणी रहाटाला हात लावू देईना. तेव्हा आशाताईने काय केलं माहीत आहे? कुणाला उपदेश केला नाही. आपली कळशी आणली, सगळ्यांदेखत पाणी शेंदलं आणि त्यांच्या पायरीवर नेऊन ठेवली. रोज. चौथ्या-पाचव्या दिवशी दुसरी कळशी दिसली. कुणाची ते मला माहीत आहे, सांगत नाही, कारण सर्वांत जास्त बडबडलेली तीच होती.

आणि या आशाताईला काय मिळतं? कामाप्रमाणे मोबदला, पगार नाहीच, वर कोविडच्या कामाचे महिन्याला हजार. १५ जूनला राज्यातल्या सुमारे ७० हजार आशा संपावर गेल्या. गावात कुजबूज झाली, "ऐन वेळी?" मी संतापले. ऐन वेळ नसताना कोण यांचं ऐकणार होतं? थाळ्या वाजवायला आपण सगळे गॅलरीत होतो. परवा २३ तारखेला संप मिटला. १ जुलैपासून हजाराची वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता. पाचशे! माझ्या वहीतल्या कितीतरी म्हाताऱ्यांच्या गोळ्या त्याहून महाग आहेत. संपाच्या दिवसांतही ती रोज संध्याकाळी "काम नाही हां, गप्पा मारायला आलेय" म्हणून सहज यायची, आणि येताना तीन घरं बघून आलेली असायची.

लसीचं आता बरं आहे. मेमध्ये मात्र तमाशा होता. नोंदणी मोबाइलवर, मोबाइल सड्यावर, आणि आपली पोरं रेंज पकडेपर्यंत आपल्याच केंद्रातल्या जागा भलत्या शहरातल्या लोकांनी घेतलेल्या. ते गाड्या घेऊन यायचे, टोचून घ्यायचे, जाताना फणस मागायचे. (दिला नाही. तुझी आठवण झाली.) मग पोरांनी म्हाताऱ्यांच्या नावांची यादी केली, मशिदीच्या भोंग्यावरून लसीच्या दिवसाची घोषणा व्हायला लागली, आणि त्या भोंग्याच्या आवाजाने आपल्या आळीतल्या बायका तयार होऊन निघायच्या. काकूंनी लस घेतली आणि तिथेच नर्सला विचारलं, याने गुडघेदुखी जाईल का.

आता शाळेत पुन्हा खाटा मांडल्यात. आपला जिल्हा निर्बंधांच्या चौथ्या स्तरात आहे आणि घरी विलगीकरण बंद केलंय, तेव्हा सौम्य पेशंट तिथेच. मंडळाने ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घेतलाय, पण वीज गेली की तो नुसती पेटी. त्याला इन्व्हर्टर आणि चांगली बॅटरी हवी. इथेच तुझा नंबर लागतो, कळलं ना? पैसे मंडळाच्या खजिनदाराला पाठव. खजिनदार कोण झालाय विचार. लंगडीतला तोच तुझा रडीबहाद्दर! वसई सोडून इथेच राहिलाय, शाळेच्या पडवीत बसून पै-पैचा हिशोब लिहितो, आणि मुंबई मंडळ तो तपासतं, म्हणजे पुढच्या भांडणाची सोय झाली.

आणि हो, देणगीदार म्हणून तुझं नाव शाळेच्या भिंतीवर रंगवायचं का ते लगेच कळव. रंगारी शुक्रवारी येतोय, आणि माहेरचं आडनाव लिहायचं की सासरचं यावरून काकूंनी आताच आवाज चढवलाय.

तुझीच,
बाकावरची शेजारीण